ऊस ट्रॉल्यांची तपासणी गाडीतळावर व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की दरवर्षी वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात, परिवहन खात्याचे अधिकारी आणि कारखान्याचे पदाधिकारी एका ट्रॉलीच्या मागे रेडियमची लाल पट्टी चिकटवत असतात आणि खाली रस्ता सुरक्षेचे आवाहन छापलेले असते. हा उपक्रम चांगला आहे आणि तो बंद व्हावा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु २८ वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ट्रॅक्टर मेकॅनिक शाखेचा शिल्प निदेशक म्हणून काम केल्यावर, आणि शिरोळ तालुक्यात घरची उसाची शेती व ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर असल्यामुळे, मला असे सांगावेसे वाटते की ट्रॉलीचे पुष्कळ अपघात जिथे सुरू होतात, ती जागा त्या पट्टीपासून लांब असते. ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची दांडी यांच्या सांध्यात ती असते आणि तिथे कोणी वाकून पाहत नाही.

तीन हंगामांपूर्वीची, जानेवारी महिन्यातली गोष्ट आहे. आमच्याच ट्रॅक्टरला दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडलेल्या होत्या. रात्री नऊच्या सुमारास पुलाच्या अलीकडचा चढ चढताना मागची ट्रॉली सुटली आणि उलटी खाली येऊ लागली. दांडी जमिनीला घासत राहिल्यामुळे तिचा वेग फारसा वाढला नाही. ती तिरकी झाली, रस्त्याच्या भरावावरून खाली उतरली आणि एका शेताच्या बांधाला जाऊन रुतली. त्या दोन-तीन मिनिटांत तिच्यामागे कोणतेही वाहन नव्हते, म्हणून कोणाला खरचटलेसुद्धा नाही. निरोप मिळताच मी बॅटरी घेऊन गेलो. पुढच्या ट्रॉलीच्या हुकाखाली बसून पाहिले, तर हूक आणि दांडी जोडणारी पिन जागेवर नव्हती. ती थोड्या अंतरावर रस्त्यातच सापडली आणि ती अखंड होती, कुठेही मोडलेली नव्हती. तिच्या खालच्या भोकात जिथे तिला अडवून ठेवणारी लॉकपिन असायला हवी, तिथे सेंट्रिंगवाले सळया बांधायला वापरतात त्या तारेचा तुकडा अडकलेला होता. तारेचा वेढा घासून घासून दोऱ्याएवढा बारीक झाला होता आणि तुटला होता. बॅटरीच्या उजेडात तिची दोन्ही टोके चांदीसारखी चकाकत होती. लॉकपिन हरवली म्हणून ड्रायव्हरने आदल्या आठवड्यात तार वळली होती. नवी लॉकपिन एका चहा-नाष्ट्याच्या पैशांत मिळते. जो धडा मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला, तोच माझ्या अंगणात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मी तपासून पाहिला नव्हता. त्याची टोचणी अजून गेलेली नाही आणि हे पत्र लिहिण्यामागे तीही आहे.

पिन बाहेर कशी येते, हे वाहनमालकांनी समजून घेतले पाहिजे. ट्रॉली खड्ड्यातून जाते तेव्हा दांडी वर उसळते आणि खाली आपटते. ड्रायव्हरने गियर बदलताना ट्रॅक्टर क्षणभर मंदावला की मागची ट्रॉली पुढे रेटते आणि पिनेवरचा ताण सुटतो. नेमक्या त्या क्षणी पिन भोकात सैल असते आणि प्रत्येक हादऱ्यागणिक केसभर वर सरकते. खाली लॉक असेल तर ती तिथेच अडते. नसेल तर दहा-पंधरा किलोमीटरच्या खेपेत तिला पुरेसा वेळ मिळतो. त्यात हुकाचे भोक झिजून अंडाकृती झालेले असेल, तर हे काम आणखी लवकर होते. पिन हरवली की पुष्कळ ठिकाणी जाड नटबोल्ट घालून वेळ मारून नेली जाते. बोल्ट दिसायला भक्कम वाटतो आणि नट असल्यामुळे तो निसटणार नाही असा भरवसा वाटतो, परंतु आट्यांच्या मुळाशी त्याची जाडी कमी झालेली असते आणि साधे लोखंड हे कडक पोलादाच्या पिनेचे काम करू शकत नाही. दांडी आट्यांवर घासू लागली की असा बोल्ट करवतीने कापल्यासारखा तुटतो. या सगळ्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पिनेव्यतिरिक्त एक जाड साखळी ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या स्वतंत्र कड्यांमध्ये अडकवून ठेवावी, वळण घेता येईल एवढी सैल, पण दांडी जमिनीवर टेकणार नाही इतकी आखूड. अमेरिकेत मोटारीमागून होडी नेणाऱ्या लहानशा ट्रेलरलाही अशा साखळ्या लावतात. आपल्याकडे दहा टन उसाची ट्रॉली एका पिनेच्या भरवशावर चालते आणि पिकअपच्या मागे काँक्रीट मिक्सर तर नायलॉनच्या दोरीने बांधून नेलेला मी पाहिला आहे.

दुसरा मुद्दा ब्रेकचा आहे, आणि त्यासाठी थोडे गणित मांडणे आवश्यक आहे. ५० अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचे वजन दोन-सव्वादोन टन असते. त्याच्यामागे प्रत्येकी दहा टन उसाच्या दोन ट्रॉल्या लावल्या आणि ट्रॉल्यांचे स्वतःचे वजन धरले, तर एकूण भार २६ टनांच्या घरात जातो. यातल्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. ज्यांना असतात त्यांचेही जोडलेले क्वचित दिसतात. म्हणजे हे २६ टन थांबवायचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पडते. त्या चाकांवर भार सुमारे दीड टन आणि कोरड्या डांबरावर त्यांची पकड त्या भाराच्या साठ-सत्तर टक्के, म्हणजे जेमतेम एक टनाची. आता रस्त्याला दर २५ मीटर लांबीमागे एक मीटर उतार आहे असे समजा. पुलावरून उतरताना एवढा उतार सहज असतो. त्या उतारावर २६ टनांचा लोंढा खाली खेचणारे बळही बरोबर एक टनाचेच भरते. चाकांच्या फिरण्याला होणारा रोध थोडी मदत करतो, एवढेच. याचा अर्थ, उतारावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला तरी आहे तो वेग फार तर वाढत नाही. वाहन थांबण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. रस्त्यावर शेतातला चिखल आणि चिरडलेल्या उसाचा रस पसरलेला असेल तर तेवढीही पकड राहत नाही. मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला रेटत नेतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाकावा, उतारावर क्लच दाबू नये आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे तर जिवाशी खेळ आहे, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत असे. जो चढ ज्या गियरमध्ये चढतो, तो त्याच गियरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत आजही तितकीच बरोबर आहे.

ट्रॅक्टरच्या ब्रेकची आणखी एक गोष्ट शहरातल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या चाकाचा आणि एक उजव्या चाकाचा. शेतात सरीच्या टोकाला जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय असते. दोन्ही पेडल एकत्र जोडणारी एक छोटी पट्टी तिथे असते आणि रस्त्यावर येण्यापूर्वी ती अडकवायची असते. ती उघडी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक अडते आणि भरधाव ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो. निवृत्त झाल्यावर एका हंगामात, कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे ऊसगाड्या थांबण्याच्या जागी, नंबर लावून थांबलेल्या ट्रॅक्टरांतून हिंडताना मी सहज म्हणून ही पट्टी पाहत गेलो. अनेक ठिकाणी ती उघडी होती, काही ठिकाणी गंजून हलतच नव्हती आणि दोन ट्रॅक्टरांना ती नव्हतीच. एका मुलाला विचारले, तेव्हा त्याने खरे उत्तर दिले : "ती कशासाठी असते ते कुणी सांगितलंच नाही, काका."

लोकांचे लक्ष भरलेल्या ट्रॉल्यांकडे असते, कारण त्या डोळ्यांत भरतात. माझ्या अनुभवात रिकाम्या ट्रॉल्यांची भीती कमी नाही. भरलेली गाडी नाइलाजाने हळू चालते. ऊस उतरवून परत निघालेली गाडी मात्र पुढची खेप गाठण्यासाठी पळवली जाते. रिकामी ट्रॉली हलकी असल्याने प्रत्येक खड्ड्यात नाचते, दुसरी ट्रॉली शेपटीसारखी डावीउजवीकडे झोल खाते आणि ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीस्वाराला तिच्या टोकाचा अंदाज येत नाही. पिन वर सरकण्याचे प्रमाणही रिकाम्या ट्रॉलीत अधिक, कारण दांडीची उसळी जास्त असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, ही गोष्ट रिकाम्या गाडीलाही तशीच लागू आहे.

रात्रीच्या अंधाराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मी थोडेच लिहितो. रेडियमची पट्टी ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या फळीवर, असते आणि ऊस फाळक्याच्या मागे दोन-तीन हात लोंबत असतो, त्यामुळे जिच्यासाठी समारंभ झाला ती पट्टी भरलेल्या गाडीत वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, झाकून जाते. काही कारखाने भरलेल्या उसावर बाहेरून टांगण्यासाठी कापडी रिफ्लेक्टर देतात. तीच पद्धत योग्य आहे आणि ती सगळीकडे सक्तीची व्हावी. मागचा लाल दिवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा असेल तर दोन्ही ट्रॉल्यांमधून वायर न्यावी लागते. ती वायर पहिल्या आठवड्यात तुटते आणि हंगाम संपेपर्यंत तशीच लोंबकळत राहते. टायर फुटलेली किंवा आस तुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून ड्रायव्हर मदतीला जातो, चाकाला दगडाची उटी लावतो, मागे झाडाची फांदी टाकतो. दुसऱ्या दिवशी ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढच्या रात्री एखादा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. ट्रॅक्टरमध्ये दोन लाकडी उट्या आणि घडीचा त्रिकोणी रिफ्लेक्टर कायम ठेवला, तर यातले बरेच टळेल.

आता मूळ प्रश्न असा की हे सगळे तपासायचे कोणी आणि कुठे? राज्यात हंगामात सुमारे २०० साखर कारखाने चालतात आणि दहा कोटी टनांच्या आसपास ऊस शेतातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथपर्यंत, पोहोचतो. परिवहन खात्याची दोन-चार पथके ही वाहतूक महामार्गावर उभी राहून तपासू शकणार नाहीत. शिवाय भरलेली ट्रॉली महामार्गाच्या कडेला अडवून ठेवणे हाच एक नवा धोका असतो. प्रत्येक ट्रॉली दररोज ज्या एका जागी येतेच येते आणि तासन् तास उभी राहते, ती जागा कारखान्याचा गाडीतळ आहे. ऊस उतरल्यावर ती वजनकाट्यावर पुन्हा रिकामी उभी राहते. त्या क्षणी तिच्यात भार नसतो, हूक उघडा दिसतो, फाळका दिसतो, दिवा लावून पाहता येतो. पिन, लॉकपिन, साखळी, चाकांचे नट, ब्रेकच्या पेडलांची पट्टी आणि मागचा दिवा एवढे पाहायला एका जाणत्या माणसाला पाच-सात मिनिटे पुरतात. हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडीची अशी तपासणी व्हावी, तिची नोंद गाडीच्या कोड नंबरासमोर व्हावी आणि दोष दुरुस्त झाल्याशिवाय त्या गाडीला पुढच्या खेपेची स्लिप देऊ नये, ही माझी मुख्य मागणी आहे. स्लिप थांबली की दुरुस्ती संध्याकाळच्या आत होते, हे शेती विभागातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कारखान्यांकडून यावर एक उत्तर मिळते की वाहने आमची नाहीत, ती वाहतूकदारांची आहेत. परंतु हंगामापूर्वी वाहतूकदाराशी करार कारखाना करतो, उचल कारखाना देतो, कोड नंबर कारखाना टाकतो आणि वाहतुकीचे बिल टनावर कारखानाच काढतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या दरातून, म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून वजा होतो. ज्याच्या पैशाने ही वाहने चालतात त्या शेतकऱ्याला ती सुरक्षित असावीत अशी अट करारात घालायला लावण्याचा अधिकार आहे आणि सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय मांडलाच पाहिजे.

जादा भाराचा पुरावा शोधायलाही कोणाला लांब जावे लागत नाही. प्रत्येक खेपेचे भरलेले आणि रिकामे वजन काट्यावर नोंदले जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणीत ठरवून दिलेल्या वजनापेक्षा अधिक भार नेता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली त्यासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. हा दंड चालवणाऱ्याप्रमाणेच चालवू देणाऱ्यालाही लागू होतो. त्याच अधिनियमाच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे, म्हणजे ट्रॅक्टरचा विमा आहे एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्या मालकांनी ट्रॉलीची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रे आजच काढून पाहावीत. तथापि केवळ दंडाने हे थांबेल असे मला वाटत नाही. बिल टनावर निघते तोवर ट्रॉली शिगोशीग भरली जाणारच. म्हणून मर्यादेपुढच्या टनांचे वाहतूक बिल वाहतूकदाराला देऊ नये. शेतकऱ्याला मात्र त्याच्या सगळ्या उसाचा दर मिळावा. असे केले तर खेपा वाढतील आणि वाहतुकीचा दर वाढवून द्यावा लागेल, हे मला मान्य आहे. एक शेतकरी म्हणून तो भार माझ्यावरही पडेल आणि मी तो सोसायला तयार आहे.

ड्रायव्हरांविषयी सहानुभूतीने लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. स्टेअरिंगवर बसलेली मुले बहुतेक विशीतली असतात. रात्री दोनला नंबर लागतो, पहाटे फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात, जायचे असते, झोप सीटवर बसूनच होते. गाण्यांचा कर्णा मोठ्याने लावला की झोप येत नाही असे ती सांगतात, पण त्याच कर्ण्यामुळे मागच्या वाहनाचा हॉर्न त्यांना ऐकू येत नाही. फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, तेव्हा स्टेअरिंग काहीच काम करत नाही. तरी साखळी हुकाऐवजी वर, आसाच्याही वर बांधून ओढण्याचा प्रयत्न होतो आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढणीची जागा नेहमी मागच्या आसाच्या खाली असली पाहिजे, हे त्यांना कोणीतरी एकदा प्रत्यक्ष दाखवायला हवे. बीड, अहिल्यानगरकडून येणारी ऊसतोड कुटुंबे संसार, पोरेबाळे आणि शेळ्यांसह याच ट्रॉल्यांमधून शेकडो किलोमीटर रात्रीचा प्रवास करतात. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेणे बेकायदा आहे, हे सर्वांना माहीत असूनही कारखाने त्यांच्यासाठी बसची सोय करत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोनच प्रवास असतात. तेवढा खर्च कोणत्याही कारखान्याला जड नाही.

साखर आयुक्त कार्यालयाने गाळप परवाना देतानाच गाडीतळावरील साप्ताहिक तपासणीची अट घालावी, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे. दरम्यान आमच्या भागातल्या कोणत्याही कारखान्याने मोळी पूजनाच्या, म्हणजे गाळप सुरू करण्याच्या समारंभाच्या, आधीचा एक आठवडा दिला, तर मी आणि माझे काही जुने विद्यार्थी, जे आज स्वतःची गॅरेजे चालवतात, पाने आणि ग्रीसगन घेऊन गाडीतळावर येऊ, मोबदला न घेता प्रत्येक ट्रॉलीचा हूक तपासून देऊ आणि ड्रायव्हरांना ती पेडलची पट्टी कशी अडकवायची ते हातात देऊन दाखवू. लॉकपिनांची एक पेटी मी माझ्या पैशांनी आणून ठेवली आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक व ऊस उत्पादक,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर